कुंडीतला नेचा मेलेला नसतो

जयगडच्या धक्क्यावर तवसाळच्या फेरीबोटीची वाट बघत उभे राहिले, की माझी नजर आजूबाजूच्या घरांच्या पडव्यांवर जाते. कृषी खात्याच्या माणसाने खरे तर कलमे आणि माड बघायचे. पण पडवीत टांगलेली कुंडी मे महिन्यात कशी दिसते, यावरून त्या घरच्या विहिरीत किती पाणी उरले आहे हे न विचारताच कळते. कोपऱ्यात चार-पाच रिकाम्या कुंड्या उपड्या घातलेल्या दिसल्या, की समजावे, पावसात हौसेने लावलेली झाडे एप्रिलात गेली आणि बाईने नाद सोडला.

अशीच एक कुंडी माझ्या सांगण्यावरून उकिरड्यावर गेली, ती गोष्ट आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातच एका घरी कोयकलमांच्या कामाने गेलो होतो. चहा झाल्यावर वहिनींनी पडवीतली कुंडी दाखवली. त्यात आंब्यावरून काढून आणलेला नेचा होता. पाने गळून गेलेली, नुसते देठ शिल्लक, बांगडा खाऊन काटा ताटात ठेवावा तसे. बुडाशी तपकिरी, कागदासारखी चुरचुरीत पाने.

"साहेब, हा मेला बघा. रोज तांब्याभर पाणी घालते तरी मेला. घरात प्यायला पाणी नाय आणि ही झाडांना घालते, म्हणून सासूबाय रोज बोलतात."

मी कुंडी हातात घेतली, देठ मोडून बघितला, आत ओल नव्हती. पदविकेच्या वर्गात आम्हाला भात, नाचणी, आंबा, काजू सगळे शिकवले. नेचा हा शब्द एकदाही आल्याचे मला आठवत नाही. पण वहिनींसमोर ते कबूल कोण करणार? ऐटीत सांगून टाकले, "टाकून द्या. यात काही राहिले नाही." त्यांनी कुंडी रिकामी करून माती माडाच्या बुंध्याशी ओतली आणि नेच्याचा गड्डा उकिरड्यावर गेला.

जुलैत त्याच घरी पुन्हा गेलो. उकिरड्याच्या कडेला दोन-दोन फूट उंचीची हिरवीगार, कातरलेली पाने उभी होती. वहिनी काही रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलात ना टाकायला?"

त्या दिवसापासून मी नेच्यांच्या नादी लागलो. आणि जे कळले ते असे, की आपल्याकडचे बरेच गावठी नेचे उन्हाळ्यात मरत नाहीत, झोपतात. त्यांना त्या काळात पाणी घालणे म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात पेज ओतणे.

त्या वहिनींचा नेचा होता बाशिंग. जुन्या आंब्याच्या, फणसाच्या खोडावर, कधी कातळाच्या कपारीतही हा सगळ्यांनी बघितलेला असतो. त्याला दोन प्रकारची पाने येतात. बुडाशी रुंद, बसकी पाने येतात, ती लवकरच तपकिरी होतात पण गळत नाहीत. ती म्हणजे त्याची टोपली. झाडावरून पडणारा पातेरा, धूळ, पाखरांची विष्ठा त्या टोपलीत साठते, कुजते आणि तेच त्याचे खत होते. दुसरी लांब, हिरवी, कातरलेली पाने ही खरी अन्न करणारी. पाऊस संपून ओल गेली की ती झडतात आणि मधली शीर काट्यासारखी राहते. खालचा अंगठ्याएवढा जाड, तपकिरी लव असलेला कंद मात्र जिवंत असतो. तो नखाने किंचित खरवडून बघावा. आत हिरवट, ओलसर लागला तर नेचा जिवंत आहे. मी त्या दिवशी देठ मोडून बघितला, कंद बघितलाच नाही.

बागायतदार बंधूंना इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बाशिंग म्हणजे बांडगूळ नव्हे. बांडगुळाची मुळे आंब्याच्या लाकडात घुसतात आणि त्याचा रस ओढतात. ते फांदीसकट कापलेच पाहिजे. बाशिंग नुसते सालीला धरून बसते, आंब्याचे काही खात नाही. आंबा उतरल्यावर साफसफाईत गडीमाणसे दोन्ही एकाच कोयत्याने उतरवतात आणि जाळतात. छाटलेल्या फांदीवर बाशिंग असेल तर ते जाळू नका, घरात द्या. कुंडीतल्या बागेला यापेक्षा स्वस्त सुरुवात नाही.

दुसरा आपल्या ओळखीचा नेचा म्हणजे हंसराज. पहिले दोन-चार पाऊस झाले की विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर, गडग्याच्या फटीत, न्हाणीच्या मागच्या ओल्या भिंतीवर जी नाजूक, काळ्या चकचकीत देठाची पाने लोंबू लागतात, तो हा. त्याच्या पानावर पाणी ठरत नाही, मोत्यासारखे घरंगळते. आपल्याकडे गडग्यावर येणाऱ्या एका जातीची गंमत अशी, की पानाचे टोक लांब होऊन खाली वाकते, भिंतीला टेकते आणि तिथेच मूळ धरते. नवे रोप हवे असेल तर ते टोक शेजारच्या कुंडीत मातीवर वाकवून त्यावर चपटा खडा ठेवावा. बस. दिवाळीनंतर हासुद्धा पाने टाकतो आणि मातीखाली झोपी जातो.

तिसरी मोरशिखा. जुन्या चुन्याच्या भिंतीत, दगडांच्या सांध्यात वाढणारी वीतभर उंचीची, छोट्या ताडाच्या पंख्यासारखी. ही तर जादूच आहे. ओल गेली की पंखा मिटून वाळलेल्या गवतासारखा होतो आणि पाणी मिळाले की तीच पाने पुन्हा उलगडून हिरवी होतात. मात्र किल्ल्याच्या किंवा देवळाच्या भिंतीतून ती उपटू नये. ती वास्तू आपल्या एकट्याची नाही, आणि सांध्यातून ओढून काढलेली मोरशिखा सहसा जगतही नाही. स्वतःच्या पडक्या गडग्याचे दगड हलवायचे झाले तर तेव्हा मातीसकट उचलावी.

आता बाजारातल्या नेच्यांकडे वळू. रत्नागिरीला नर्सरीत, गणपतीपुळ्याच्या वाटेवर, टोपलीसारखा भरगच्च लोंबणारा बोस्टन फर्न मिळतो. १८९४ साली अमेरिकेत बोस्टनला गेलेल्या नेच्यांच्या खेपेत एक रोप वेगळे, जास्त लोंबणारे आढळले, त्यावरून हे नाव पडले. दिसायला फारच देखणा. पण त्याला झोप माहीत नाही. बारा महिने ओल आणि दमट हवा हवी, वारा नको. जयगडला उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो, तो खारा असतो. घराच्या खिडक्यांचे गज त्याने गंजतात तिथे या कोवळ्या पानांचे काय? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा समुद्राकडच्या बाजूची झाडे भाजल्यासारखी करपलेली आपण पाहिली. रोजचा वारा तेच काम थोडे थोडे करतो. म्हणून बोस्टन घ्यायचाच तर घराच्या पूर्वेच्या पडवीत, समुद्राला पाठ करून, आणि एकच घ्यावा. त्याच कुळातला, सरळ पट्टीसारख्या पानांचा नेचाही नर्सरीत असतो. त्याच्या मुळांना सुपारीहून लहान गोल गाठी येतात, त्यांत पाणी साठते. कुंडीतून काढून गाठी बघून घ्या. तो पुष्कळ सोसतो.

पाण्याचा हिशेब एकदा मांडूनच बघू, कारण घराघरांत वाद होतो तो इथेच. पडवीत वीस कुंड्या आहेत. कुंडीला दिवसाला लिटरभर म्हटले तर एप्रिल-मेच्या साठ दिवसांत बाराशे लिटर पाणी गेले. म्हणजे दोनशे लिटरची सहा पिंपे. ज्या वाडीत मे महिन्यात हंडे घेऊन सड्यावरून खाली उतरावे लागते, तिथे सहा पिंपे म्हणजे चेष्टा नाही, आणि ती वाहून आणणारी बहुतेक वेळा बाईच असते. सासूबाई बोलत होत्या ते काही उगाच नव्हे. आता त्या वीसांपैकी चौदा कुंड्या बाशिंग, हंसराज, मोरशिखा अशा झोपणाऱ्या जातींच्या असल्या, तर उन्हाळ्यात पाणी फक्त सहा कुंड्यांना. त्यातही सांडपाणी चालते.

सांडपाण्यात मात्र एक मेख आहे. तांदळाचे धुवण चालते, भाजी धुतलेले पाणी चालते. मासळी धुतलेले पाणी चालत नाही. जयगडसारख्या बंदरगावात हे पाणी रोज निघते आणि "खत आहे" म्हणून नेमके कुंडीत जाते. समुद्राची मासळी, त्यात मिठाचा अंश असणार. माड ते आनंदाने पितो, कारण खाऱ्याची त्याला सवय आहे. नेच्याची टोके आठ दिवसांत तपकिरी होतात. एका भाभीच्या अंगणात मी हे बघितले. त्यांचे तीन हंसराज याच पाण्याने गेले आणि शेजारचा माड मात्र नारळांनी लदलेला. मचूळ विहिरीचेही तेच. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी खरपुडी आली, की समजा मीठ साचले. पावसात ती कुंडी दोन दिवस पागोळीखाली ठेवावी, मीठ धुऊन जाते.

मातीबद्दल. पुळणीवरची वाळू कुंडीत घालू नका, ती खारी असते. घालायचीच असेल तर अंगणात ढीग करून एक पावसाळा भिजू द्यावी. आपली जांभ्याची लाल माती नेच्याला मानवते, पण एकटी घातली तर उन्हाळ्यात विटेसारखी होते. मी वापरतो तो मेळ असा: एक घमेले लाल माती, एक घमेले पूर्ण कुजलेला पातेरा, अर्धे घमेले जुने शेणखत, आणि अर्धे घमेले नारळाच्या सोडणाचा भुसा. सोडण तसेच घालू नये. आधी आठवडाभर भिजत ठेवून दोन-तीनदा पाणी बदलावे. तांबडा, तुरट अर्क निघून जातो, त्याबरोबर क्षारही जातात. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे. कोकणात फुटक्या कौलांना तोटा नाही. बाशिंगाला माती जवळजवळ नकोच. अख्ख्या सोडणाच्या तुकड्यांवर कंद नुसता टेकवून काथ्याने बांधावा. कंद मातीत पुरला की कुजला.

कुंडी विकतच घ्यायला हवी असेही नाही. बंदरावर मासळीचे मोडके थर्माकोलचे खोके पडलेले असतात. स्वच्छ धुऊन, दोन दिवस गोड्या पाण्यात बुडवून, तळाला बोटाएवढी सहा भोके पाडली की पसरणाऱ्या नेच्यांना उत्तम. उन्हाने तापत नाहीत, मुळे गार राहतात. कडा मात्र उन्हाने चुरा होऊन उडतात, म्हणून सावलीतच ठेवावेत, आणि निकामी झाले की खाडीत फेकू नयेत. टाकाऊ जाळ्याची दुहेरी घडी पडवीच्या पश्चिमेला ताणली तर वाराही अडतो. हा उपाय मला एका खलाशाने दाखवला, पुस्तकातून आलेला नाही.

खताचा सोस नको. आपला हात भाताच्या खाचरात मूठ मारायला सवयीचा, तीच मूठ कुंडीवर मारली जाते. चिमूटभर युरियानेही नेच्याची मुळे भाजतात. शेणाची स्लरी दहापट पाण्यात, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. झोपेच्या काळात काहीच नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके आले, कोणते औषध मारू?" पाने घेऊन माणसे मला गाठतात. ते ठिपके नीट बघा. रांगेत आहेत का? दोन्ही बाजूंना सारखे आहेत का? असतील तर ती कीड नाही. नेच्याला फूल नाही, बी नाही. ते ठिपके म्हणजे त्याचे बीजाणूंचे कोठार. कीटकनाशक मारले तर नेचाच करपेल. खवले कीड असेल तर ती वेडीवाकडी, देठावरही असते आणि नखाने सुटून येते. ती ओल्या फडक्याने पुसावी. गोगलगायी मात्र पावसाळ्यात नेच्याचे कोवळे कोंभ साफ करतात. रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात. मीठ टाकायचा मोह होईल. गोगलगाय मरेल, कुंडीही मरेल.

हेच बीजाणू शाळेत पेरून बघण्यासारखे आहेत. गुरुजींनी अवश्य करावे. ठिपके पिकून गडद झाले की पान कागदावर उपडे ठेवावे. दोन दिवसांत कागदावर बारीक तपकिरी पूड पडते. जांभ्याचा किंवा विटेचा तुकडा आधी उकळत्या पाण्यात घालून गार करावा, ताटलीत पाणी घालून त्यात ठेवावा, वर पूड भुरभुरावी आणि काचेची बरणी पालथी घालावी. ऊन नको, उजेड हवा. काही आठवड्यांत हिरवा पापुद्रा धरतो. त्यात नखाहून लहान, बदामाच्या आकाराची पाने दिसतात. त्यांच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात आणि नराची पेशी पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत मादीपर्यंत जाते. पाणी नाही तर संयोग नाही. नेचे पावसातच का उगवतात, याचे उत्तर मुलांना त्या एका विटेवर मिळते.

बरणीवरून आठवले. लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांना नेच्यांची हौस, पण शहराच्या धुराने एकही जगेना. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली. पतंगाचे राहिले बाजूला, मातीतून नेचा उगवला आणि वर पाणी न घालता वाढत राहिला. दिवसा मातीतली वाफ काचेवर धरायची आणि तीच पुन्हा खाली उतरायची. मग त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे जहाजाने थेट सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती याच पेट्यांतून.

त्यांना धूर नडत होता, आपल्याला खारा वारा नडतो. उपाय तोच चालतो. लोणच्याची मोठी काचेची बरणी मिठाचा वास जाईपर्यंत धुवावी, तळाला दोन बोटे कोळशाचे आणि कौलाचे तुकडे, वर तीन बोटे माती, त्यात कोवळा हंसराज. एकदा शिंपडून झाकण लावावे. काच सारखी पांढरी राहत असेल तर दिवसभर उघडी ठेवावी. अजिबात धुके धरत नसेल तर चमचाभर पाणी. माझ्या घरी अशी एक बरणी आहे. मे महिन्यात तिला दोन चमच्यांवर पाणी लागले नाही आणि बरणीतला हंसराज झोपलाही नाही.

घरात नेचे ठेवले की हवा शुद्ध होते, असे नर्सरीवाले सांगतात. मी तसे सांगणार नाही. त्या दाव्याचे मूळ १९८९ च्या नासाच्या प्रयोगात आहे आणि तो बंद पेटीतला प्रयोग होता. आपल्या उघड्या पडवीत वारा जे करतो ते वीस कुंड्या करू शकत नाहीत. डोळ्यांना बरे वाटते हे कारण पुरेसे आहे. दुपारी जाळी विणत बसलेला म्हातारा माणूस पडवीतल्या हिरव्या पानांकडे बघतो तेव्हा त्याला नासाची गरज नसते.

ज्यांना थोडी मिळकतही हवी त्यांनी नेच्यांच्या सावलीत झुडपी मिरी लावावी. मिरीच्या वेलाच्या आडव्या, फळ देणाऱ्या फांद्यांपासून रोप केले की ते चढत नाही, कुंडीतच झुडूप होऊन मिरी धरते. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रावर माडाच्या सावलीत मसाला पिकांची बाग आहे. तिथे एकदा जाऊन सावलीत काय काय पिकते ते डोळ्यांनी बघावे. अळू, पानओवा, गवती चहा हेही त्याच रांगेत बसतात आणि स्वयंपाकघराला उपयोगी पडतात.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना दोन शब्द. वरून साहेब येणार असले की कचेरीच्या दारात क्रोटनच्या कुंड्या येतात आणि गाडी वळली की त्यांना पाणी घालणारा कोणी नसतो. मी स्वतः अशा कुंड्या उचलून नेल्या आहेत, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे. त्याऐवजी बाशिंगाच्या दोन टोपल्या टांगा. दुसरे, कुंडीखालच्या बशीत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आरोग्य खात्याचा आठवड्याचा कोरडा दिवस पिंपांपुरता धरू नका, बश्याही उलट्या करा. तिसरे, खाडीच्या कांदळवनात पुरुषभर उंचीचा एक नेचा वाढतो. तो खाऱ्या चिखलातलाच आहे, कुंडीत घालायचा नाही. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे. सड्यावर पावसात फुलणारी सीतेची आसवेही कोणी मातीसकट उचलू नयेत. बोटभर मातीच्या ओलीवर जगणारी ती झाडे कुंडीत आठ दिवस टिकत नाहीत.

त्या वहिनींकडे आता अकरा बाशिंगे आहेत, सगळी त्या उकिरड्यावरच्या एका गड्ड्याची. मेमध्ये त्या कुंड्या उचलून माडाच्या सावलीत मागे नेऊन ठेवतात आणि विसरून जातात. मृग लागला तरी पहिल्या दिवशी बाहेर काढत नाहीत. कौलांवर उन्हाळाभर बसलेले मीठ आणि धूळ पहिल्या पागोळीबरोबर खाली येते, ती जाऊ देतात. तिसऱ्या-चौथ्या पावसाला कुंड्या पागोळीखाली रांगेने मांडतात. परवाच्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा मांडायला सासूबाई मदत करत होत्या.